काळ्या रानात डिटेक्टर बोंबलतोय? आधी रिकामा चालवून बघा

"मशीन खराब निघालं, दादा. जिथं फिरवावं तिथं वरडतंय. परत पाठवू का?"

पोत्यात गुंडाळलेला मेटल डिटेक्टर काउंटरवर ठेवून हे वाक्य म्हणणारा माणूस महिन्यातून एखादा तरी दुकानात येतोच. बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली असतात. ऑनलाइन मशीन मागवलेलं असतं, पहिल्याच रविवारी नांगरलेल्या रानात नेलेलं असतं आणि सगळ्या शिवारात रुपये पेरल्यासारखं ते वाजलेलं असतं. मग आवाज खाली करून दुसरा प्रश्न येतो, "का खरंच खाली काही असंल?"

खाली आहेच की. काळा दगड आहे, आणि तोच वाजतोय.

माझं कळंबला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी भरून देणं हा धंदा, आणि डिटेक्टर हा सहा वर्षांपासूनचा नाद. पहिलं मशीन आलं तेव्हा पंधरा दिवस मीही विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली, भांडून मशीन बदलून घेतलं. बदलून आलेलंही तस्संच वाजायला लागलं तेव्हा कळलं की घोळ आपल्या रानात आणि आपल्या हातात आहे.

मोटार दुरुस्तीला आली की आम्ही ती पहिल्यांदा रिकामी चालवतो. पंप सोडवायचा आणि नुसती मोटार फिरवायची. रिकामी असतानाही घरघर करत असेल तर दोष मोटारीतच. रिकामी गुपचूप फिरली आणि लोडवर ओरडली तर पंप उघडायचा. डिटेक्टरचंही असंच आहे. वाजतंय हे प्रत्येक जण सांगतो, पण कधी वाजतंय हे विचारलं की गप्प बसतो.

तर आधी मशीन रिकामं चालवा. रानाच्या मध्यावर उभं राहा, मोबाइल बांधावर ठेवून या, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, कमरेएवढी वर धरा आणि हात अजिबात हलवू नका. आता वाजतंय का?

वाजत असेल तर मातीचा संबंध नाही. ही विजेची कटकट. डिटेक्टर म्हणजे शेवटी एक कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते आणि दुसरी कॉइल त्याचा बारीकसा परतावा ऐकत बसते. ऐकणारीचा कान एवढा तिखट असतो की डोक्यावरून गेलेली अकरा केव्हीची लाइन, शेजारचा डीपी, स्टार्टर, एलईडीचा फोकस, सगळं तिला ऐकू येतं. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. लाइट नसताना सकाळी शहाण्यासारखं वागणारं मशीन दुपारी लाइट आल्यावर चेकाळतं, ते यामुळंच. मशीनवर फ्रिक्वेन्सी सरकवायची सोय असेल तर सरकवून बघा. नसेल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या कानाचा तिखटपणा, उतरवा, नाहीतर लाइट जायची वाट बघा.

यातला एक आवाज ओळखायला मला दोन महिने लागले. टक्... टक्... टक्, सेकंद-दीड सेकंदाला एक, घड्याळासारखा. मशीन बदललं, बॅटरी बदलली, तरी टकटक चालूच. शेवटी बांधावर बसलेल्या शेजाऱ्यानं रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन बंद केलं आणि टकटक थांबली. कुंपणाच्या तारेत ठरावीक अंतरानं सुटणारा झटका मशीनला दोन शेतांपलीकडूनही ऐकू येत होता. ठेक्यात वाजत असेल तर आधी आजूबाजूला कुंपण बघा.

हवेत धरल्यावर वाजतं, पण दांडा हलला की जास्त वाजतं, असं असेल तर केबल बघा. कॉइलपासून वर येणारी वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी. लोंबकळणारी वायर कॉइलसमोर हलली तरी आवाज येतो. जोडाच्या पिनांत धूळ असते, ती फुंकरीनं जात नाही, ब्रश लागतो. इथपर्यंतचं काम पाच मिनिटांचं.

आता खरा त्रास. हवेत गुपचूप असलेलं मशीन जमिनीवर फिरवलं की ओरडतं.

एक प्रयोग करा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रानातल्या कोरड्या मातीतून दोन-चार वेळा ओढा. पिशवीला काळी दाढी फुटलेली दिसेल. चुंबक बाहेर काढलं की दाढी कागदावर गळून पडते. रव्यापेक्षा बारीक, काळी, चकाकणारी रेती असते ती, मॅग्नेटाइटची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर ओतत गेला, त्यातून आपला काळा पाषाण झाला, आणि तो कुजून, झिजून आपली काळी माती झाली. दगडातलं लोखंडी खनिज मातीत उतरलं. मराठवाड्यात कुठंही जा, फार सुटका नाही. परदेशातल्या व्हिडिओत तो गोरा माणूस गवतावर कॉइल फिरवतो आणि मशीन एक शब्द बोलत नाही, तेव्हा त्याच्या पायाखाली हे नाही एवढंच समजा. त्याच्या सेटिंगची नक्कल आपल्याकडं चालत नाही.

या खनिजाचे मातीत विखुरलेले बारीक कण विजेला फिरायला सलग वाट देत नाहीत, पण कॉइलचं क्षेत्र वाकवतात. नाण्यात क्षेत्रामुळं भोवरे-प्रवाह फिरतात आणि त्याचा परतावा थोडा उशिरा येतो. खनिजाचा परतावा जवळपास लगेच येतो. या उशिराच्या फरकावरच सगळा खेळ आहे. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला सांगणं की बाबा, अमुक इतक्या उशिराचा परतावा आला तर ती माती आहे, सोडून दे. कारखान्यातून येताना हे एका सरासरी मातीवर लावून दिलेलं असतं. ती सरासरी माती आपली नाही. आणि स्वस्त मशीनला तर हे बटणच नसतं. तसलं मशीन घेतलं असेल तर काळ्या रानात त्याची सेन्सिटिव्हिटी पार खाली आणून वापरा, आणि पुढचं घेताना ग्राउंड बॅलन्स हातानं लावता येतो का, एवढं एक विचारा. बाकी स्क्रीन रंगीत आहे का वगैरे भानगडी नंतर.

बॅलन्स लावायची रीत सोपी आहे, पण नव्वद टक्के लोक ती चुकीच्या जागी करतात. खाली खिळा असलेल्या जागेवर लावला तर मशीन खिळ्यालाच माती समजून बसतं. आधी कॉइल फिरवून मोकळी जागा हेरा. मग कॉइल जमिनीला समांतर ठेवून वीतभर वर, पुन्हा चार बोटांवर, वर, खाली, पाणी शेंदल्यासारखी. खाली येताना आवाज चढत असेल तर बटण एका बाजूला, वर जाताना चढत असेल तर दुसऱ्या बाजूला. कुठली बाजू ते मशीनच्या पुस्तकात असतं. वर-खाली करताना आवाज सारखा राहिला की झालं. खाली येताना अगदी बारीक कुरकुर राहिली तर राहू द्या, तीच बरी.

हे एकदा करून दिवसभराची सोय होत नाही. आमच्याच पाच एकरांत मांजरा नदीकडच्या बाजूला कसदार काळी आहे, मधे चुनखडीचा पट्टा आहे आणि वरच्या अंगाला मुरमाड बरड. काळीतून बरडावर पाय ठेवला की पुन्हा बॅलन्स. विहीर खोदताना निघालेला माल जिथं पसरलाय तिथं तर विचारू नका. दोन लाव्हांच्या मधे भाजून लाल झालेला मातीचा थर असतो, तो बाहेर पडलेला असतो आणि त्यावर मशीन पिसाळतं. भाजलेली माती तशीही चुंबकीय होते. म्हणूनच जुनी वीटभट्टी, चुलवणाची जागा, कुंभाराच्या आव्याची जागा, खापराचे तुकडे, सगळं वाजतं. वीटभट्टीच्या जागेवर हंडा आहे म्हणून भांडायला आलेले दोन भाऊ मी समजूत घालून परत पाठवलेत.

घरी सराव करायचा असेल तर जुन्या रेडिओत अँटेनाची काळी कांडी असते, फेराइटची, ती काढा. कॉइलसमोरून ती हलवा आणि ऐका. ही मातीची भाषा. मग तांब्याचा तुकडा हलवा. फरक कानाला एकदा कळला की रानात निम्मं काम झालं.

सेन्सिटिव्हिटीबद्दल पोरांना पटत नाही. पैसे दिलेत तर पूर्ण का नाही चालवायचं, असं त्यांचं म्हणणं. बाबांनो, भजनाच्या वेळी लाउडस्पीकर फुल केला तर शिट्टीच वाजते, अभंग ऐकू येत नाही. आपल्या मातीत आवाज जास्त केला की मातीचाच आवाज मोठा होतो आणि नाणं त्यात बुडतं. हवेत शांत, जमिनीवर जवळजवळ शांत, एवढ्यावर आणून ठेवा. माझं मशीन आमच्या काळीत निम्म्याच्या थोडं खाली चालतं. तेवढ्यात रुपयाएवढं नाणं मला वीतभराच्या आतच सापडतं, बहुतेकदा अर्ध्या वितीत. खोक्यावर काय छापलंय ते खोक्यापुरतं. कॉइल लहान लावली तर आणखी सुधारतं, कारण लहान कॉइलला एका वेळी कमी माती दिसते. दुकानात लोक मोठीच कॉइल मागतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तिच्यात चार दुखणी एकदम आहेत.

ऑक्टोबर होता, सोयाबीनची काढणी चालू. शेजारच्या रानातल्या मावशींचं गंठण ढीग रचताना तुटलं. मणी बरेचसे ओच्यात आले, पण सोन्याच्या दोन वाट्या गेल्या. वीस गुंठ्यांत कुठं पडल्या, कुणाला सांगता येईना. मावशी बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, तुझं ते वाजायचं यंतर आण की. ह्यांना अजून सांगितलं न्हाई म्या."

नेलं. दुपारी बारा वाजता, सेन्सिटिव्हिटी फुल, मोठी कॉइल. सोयाबीनचे सड पायाला टोचत होते, कॉइल त्यांना आपटत होती आणि प्रत्येक आपटीला टुंग. पाऊस उघडून महिना झालेला, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या, आणि प्रत्येक भेगेवर मशीन वाजे. भेग म्हणजे मातीतली पोकळी. मशीनला सगळीकडं माती ऐकायची सवय झालेली असते, मधेच माती नाहीशी झाली की तेही त्याला काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात मी भेगांवरचा आवाज सोडून द्यायला शिकलो. स्वतःवर खूशही झालो. दोन तास फिरलो, हाताला गोळे आले, सापडलं काही नाही.

रात्री दुकानात मशीन आडवं टाकून बसलो. कॉइलला खालून प्लास्टिकचं कव्हर असतं, घासू नये म्हणून. ते पाच महिने मी काढलंच नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरनं कड उचकटली तर आतून मूठभर काळा गाळ सांडला, पिठासारखा बारीक. त्यावर चुंबक धरलं तर अर्धा गाळ उडून चिकटला. म्हणजे जी माती टाळायला मी बॅलन्स लावत होतो, तीच माती कॉइलला चिकटवून रानभर फिरवत होतो, आणि ती आत हलत होती. कव्हर धुतलं, वाळवलं, कडेनं इन्सुलेशन टेप मारली. तुम्ही या लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण कव्हर आज काढून बघा.

तिथंच आणखी एक गोष्ट तपासली. वाइंडिंगची तार दुकानात पडलेली असतेच. तिचं बांगडीएवढं वेटोळं केलं, टोकं मोकळी ठेवली आणि कॉइलसमोर धरलं. काही नाही. टोकांचं इनॅमल पत्तीनं खरवडून पीळ दिला आणि पुन्हा धरलं. खणखणीत वाजलं. तार तीच आणि तांबंही तेवढंच, फरक फक्त प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळाली की नाही याचा. म्हणून तुटलेली नथ, उघडी बाळी, बारीक कड्यांची साखळी मशीनला नीट ऐकू येत नाही; कडीला कडी नुसती टेकलेली असते. अख्खी अंगठी मात्र ऐकू येते. गंठणाचे काळे मणी वाजणार नव्हते, बारीक सर वाजला तर नशीब. शोधायच्या होत्या त्या वाट्या. बंद, गोल, छोट्या. मावशींना मी आदल्या दिवशी "सगळं गंठण काढून देतो" म्हणालो होतो, ते किती फुशारकीचं होतं ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, लाइट यायच्या आत, लहान कॉइल लावून गेलो. सुतळी ताणून पट्टे पाडले, सड विळ्यानं खाली कापून घेतले. पहिल्या पट्ट्यात बैलाची नाल आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. दुसऱ्यात ट्रॅक्टरचा नट. तिसऱ्यात एका भेगेवर आवाज आला आणि मी सवयीनं पुढं सरकलो. चार पावलांनी थांबलो. भेगेचा आवाज भेगेच्या लांबीभर येतो, कॉइल भेगेला समांतर नेली तर येतच राहतो. हा एकाच ठिकाणी आला होता. मागं फिरून आडवी-उभी कॉइल फिरवली. दोन्हीकडून तोच ठिपका. विळ्याच्या टोकानं भेग रुंद केली, चार बोटं खाली वाटी पालथी पडलेली, आत ओली माती भरलेली. काळं रान वस्तू गिळतं म्हणतात ते खोटं नाही. भेगेत पडलं की पुढच्या पावसाला भेग मिटते आणि वस्तू खाली जाते. दुसरी वाटी रानात नव्हतीच. ती संध्याकाळी ताडपत्रीच्या घडीत सापडली. मावशींना. मशीनशिवाय.

वाजलेली खूण खरी की खोटी हे खुरपं घालायच्या आधी बघायची हीच रीत: एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम. धातू दोन्हीकडून एकाच जागी वाजतो. एकीकडूनच वाजलं किंवा कॉइल मागं ओढताना आवाज सरकला, तर लोखंड किंवा दगड समजा. मग कॉइल चार बोटं वर उचलून फिरवा. तापट दगड, म्हणजे जास्त खनिजाचा वाजणारा दगड, असेल तर आवाज एकदम मरतो, धातू असेल तर हळूहळू बारीक होतो. शंभर टक्के नाही, पण दिवसाचे वीस खड्डे वाचतात.

ढेकळांच्या रानात जाऊच नका. नांगरटीनंतर कॉइल जमिनीपासून सारख्या अंतरावर ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. पाळी घालून रान बसलं की जा. हरभरा निघाल्यावरचा काळ मला सगळ्यात आवडतो. भर पावसात आणि खत टाकल्यावर लगेच नको. ओल्या मातीत विरघळलेलं खत वीज वाहून नेतं आणि मशीनला भलतेच भास होतात.

आकड्यांविषयी थोडं. स्क्रीनवर लोखंडाला कमी आकडा, तांब्या-चांदीला जास्त, असं पुस्तकात असतं. आपल्या मातीत त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर दोन्हीकडून फसगत. मोठी चपटी नाल किंवा पत्र्याचा तुकडा चांदीच्या आकड्यावर जाऊन बसतो. आणि खोलवरचं खरं नाणं, वरच्या मातीच्या गोंगाटामुळं, लोखंडाच्या आकड्यावर घसरतं. माझ्या रानात लोखंड म्हणून दाखवलेल्या एका खुणेला केवळ दोन्हीकडून सारखी वाजली म्हणून उकरलं, तर वीतभर खाली निजामाच्या काळातला तांब्याचा पैसा निघाला. वर काढून कॉइलसमोर धरला तर आकडा सरळ तांब्याचा. म्हणून लोखंड पूर्ण गाळायचं बटण दाबून फिरू नका. लोखंडाचा आवाज बारीक ऐकू येईल एवढं ठेवा आणि कानानं ठरवा. यावर उपाय म्हणून पल्स मशीन, म्हणजे क्षेत्र झटक्या-झटक्यानं सोडणारं मशीन घ्या, असं काही जण सुचवतात. ते माती खरंच चांगली गाळतं, पण लोखंड ओळखत नाही. ज्या रानात शंभर वर्षं बैलांच्या नाली, वखराच्या पाशी, कोळप्याचे खिळे पडलेत तिथं ते घेऊन गेलात तर रब्बीची मशागत तुमच्याच हातून होईल.

त्या पैशाचं पुढं काय केलं ते सांगतो, कारण यंत्राच्या तक्रारीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आणि तो मला कुणी विचारत नाही. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठं, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. रान स्वतःचं असलं तरी. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची, ती बदललेली नाही. शिवाय १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. माझ्या पैशाची किंमत दहाच्या वर की खाली हा वाद घालत बसण्यापेक्षा मी अर्जच दिला. 'विषय: शेतजमिनीत सापडलेल्या एका पैशाबाबत.' टेबलामागच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि पोच दिली. पोच फ्रेम करून दुकानात लावली आहे.

आणि काही जागी मशीन न्यायचंच नाही. संरक्षित किल्ला, लेणं, मंदिर, तिथं खोदणं गुन्हा आहे; औसा, परांडा, नळदुर्ग, दौलताबाद, कुठंही. पण मला जास्त काळजी आहे ती गावाच्या पांढरीची. जुन्या वस्तीची राखाडी, भुसभुशीत टेकाडं. माळवदाला आणि गढीच्या भिंतींना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती नेली, शेतातही टाकली. अशा मातीत सातवाहनांची शिशाची, पोटीनची (तांबं-शिशाच्या मिश्रणाची) नाणी असू शकतात, म्हणून मशीनवाल्यांचा डोळा तिथंच. आमच्यापासून जवळ तेर आहे. जुनं तगर ते हेच. रोमन व्यापाराच्या काळात इथला माल पैठणसारखाच भडोचच्या बंदराला जायचा, असं पेरिप्लस या त्या काळच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहून ठेवलंय. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय बघून या. शिशाचं नाणं थरातून उपसून खिशात घातलं की ते कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होतं हे कायमचं गेलं. उरतो तो शिशाचा तुकडा. पांढरीवर वाजलं तर जागा लक्षात ठेवा, फोटो घ्या, तहसीलला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. खुरपं पिशवीतच राहू द्या.

गेल्या वर्षी एकानं विचारलं, जुन्या किल्लारीच्या ढिगाऱ्यावर जाऊ का, तिथं घरं तशीच गाडली गेली असतील. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात काय झालं ते त्याला माहीत होतं, तो तेव्हा जन्मलेला नव्हता एवढंच. मी त्याच्या मशीनला हात लावला नाही. तिथल्या भांड्यांचे, डागिन्यांचे मालक कोण हे लोकांना नावानिशी माहीत आहे, आणि त्यांची लेकरं नव्या गावात राहतात.

गुप्तधनवाल्यांसाठी वेगळा लेख लिहिणार नाही. दोन तारांच्या काड्या किंवा अँटेना लावलेलं खोकं घेऊन शंभर फुटांवरचं सोनं दाखवणारं यंत्र नसतं. ते लाखभर रुपयांना विकलं तरी नसतं. आणि अमावास्या, लिंबू, कोंबडा यांचं नाव काढलंत तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तोही लक्षात असू द्या.

बाकी मशीन वाजतच असेल तर दुकानात घेऊन या. येताना कॉइलचं कव्हर धुऊन आणा आणि रानातली मूठभर कोरडी माती पुडीत बांधून आणा. चुंबक माझ्याकडं आहे.